सिनेमा तुळापूरला थांबतो

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते. तिथून ती नाणे मावळातून कामशेतवरून देहूला जाते, मग आळंदी, आणि शेवटी तुळापूरला भीमेला मिळते. या एकाच नदीच्या दोन टोकांना शिवकाळातले दोन मोठे प्रसंग घडले. संगमाच्या टोकाला, ११ मार्च १६८९ रोजी, औरंगजेबाच्या हुकमानं छत्रपती संभाजी महाराजांची आणि कवी कलशांची हालहाल करून हत्या झाली. उगमाच्या टोकाला, त्याआधी अठ्ठावीस वर्षं, फेब्रुवारी १६६१ मध्ये, कुरवंड्याचा घाट उतरणारी कारतलबखानाची मोगल फौज शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कोंडली, तिला शरण आणली आणि शरण आल्यावर जिवंत सोडून दिली.

एका टोकाला मरण आहे, दुसऱ्या टोकाला जीवदान. आपला ऐतिहासिक सिनेमा शंभर वर्षं या नदीच्या काठानं चालतो आहे आणि त्याची पावलं पुन्हा पुन्हा मरणाकडेच वळतात. उगमाकडे तो क्वचित येतो, आला तरी फार वेळ थांबत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहायला बसले.

मी मावळातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. चौथीचं इतिहासाचं पुस्तक म्हणजे शिवछत्रपतींचं चरित्र. महाराष्ट्रातल्या पिढ्यान् पिढ्यांनी महाराज पहिल्यांदा त्याच पुस्तकात वाचले. पण आता वर्गात येणारं पोर पुस्तक उघडण्याआधीच सिनेमा पाहून आलेलं असतं. तान्हाजी कसा दिसतो, उदयभान कसा हसतो, औरंगजेब कसा बसतो, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढं ठरलेलं असतं. म्हणून इतिहास शिकवायचा तर सिनेमाचा इतिहासही मला शिकवावा लागतो.

तो इतिहास कोल्हापुरात सुरू होतो. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट काढला. हरि नारायण आपटे यांच्या १९०३ सालच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर तो बेतला होता. त्यात बाबूराव स्वतः शिवाजी महाराज झाले आणि शेलारमामाच्या वेशात होते तरुण व्ही. शांताराम. चार वर्षांनी, १९२७ मध्ये, त्याच कंपनीसाठी शांताराम आणि केशवराव धायबर यांनी 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला. पुढं 'प्रभात'च्या 'उदयकाल'मध्ये शांताराम स्वतः महाराज झाले. त्या चित्रपटाचं मूळ नाव होतं 'स्वराज्याचे तोरण'. काळ होता मिठाच्या सत्याग्रहाचा. इंग्रजांच्या सेन्सॉरला 'स्वराज्य' हा शब्द पोस्टरवर नको होता, म्हणून नाव बदलावं लागलं आणि गडावर झेंडा चढवण्याच्या प्रसंगालाही कात्री लागली. पडद्यावर शिवकाळातला शत्रू होता, पण प्रेक्षकाला त्यात गोरा साहेब दिसत होता आणि सरकारला ते पक्कं माहीत होतं.

मग भालजी पेंढारकर आले. १९३९ मध्ये त्यांनी 'नेताजी पालकर' काढला, १९४३ मध्ये 'बहिर्जी नाईक'. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत त्यांचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ खाक झाला. तो पुन्हा उभा करून भालजींनी १९५२ मध्ये 'छत्रपती शिवाजी' पडद्यावर आणला. चंद्रकांत मांडरे त्यात महाराज झाले. आमच्याकडं जत्रेनंतर तंबूतला सिनेमा लागायचा. माझे सासरे सांगायचे, वाडीवाडीची माणसं गाड्या जोडून यायची, पडद्यावर महाराज आले की बसलेली माणसं उठून हात जोडायची. देवाच्या दर्शनाला जावं त्या भावनेनं ती सिनेमाला जात होती, आणि ज्यांनी तो सिनेमा केला त्यांनीही त्या भावनेचा मान राखला होता.

अलीकडं दिग्पाल लांजेकरांनी 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड', 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२) आणि 'सुभेदार' (२०२३) अशी माळच गुंफली. हिंदीत २०२० च्या जानेवारीत 'तान्हाजी' आला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा'. 'फत्तेशिकस्त'ची जाहिरात 'भारतातला पहिला सर्जिकल स्ट्राइक' अशी झाली होती, कारण २०१६ नंतर तो शब्द घरोघरी पोचला होता. १९३० च्या प्रेक्षकाला स्वराज्य हवं होतं, २०१९ च्या प्रेक्षकाला सीमेवरची सेना आठवत होती. शिवकाळ तोच राहिला, त्याला विचारलेला प्रश्न मात्र दर पिढीला बदलत गेला. यात गैर काही नाही. प्रत्येक पिढी आपल्या गरजेनं पूर्वजांकडं जाते. पण जाताना काय उचललं आणि काय मागं ठेवलं, हे पाहायला हवं.

सिनेमा काय उचलतो हे सिंहगडाच्या गोष्टीत स्वच्छ दिसतं. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. कृष्णाजी अनंत सभासदानं राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या बखरीत ती थोडक्यात आली आहे. तानाजी मालुसरे पाचशे मावळे घेऊन गडाखाली गेले. त्यांनी आधी दोन मर्दाने मावळे निवडून कड्यावरून वर चढवले आणि त्यांच्या मागून बाकीचे वर गेले. किल्लेदार उदयभानाशी गाठ पडली, तानाजींची ढाल तुटली, दुसरी वेळेवर पोचली नाही, तेव्हा डाव्या हातावर वार झेलत ते लढले. दोघंही पडले. तानाजींचा भाऊ सूर्याजी यानं लोक सावरून गड घेतला आणि पागेची गवती घरं पेटवून राजगडावर खूण पोचवली. दोर बांधून कड्यावर चढवलेली घोरपड बखरीत नाही. ती शाहिरांच्या पोवाड्यातून आली आणि तिथं ती शोभते. 'गड आला पण सिंह गेला' म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला असं आपण मानतो, पण महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आधीच आहे.

आता 'तान्हाजी'त बघा. गडावर एक अजस्र तोफ येते आणि साऱ्या कथेचा भार तिच्यावर पडतो. उदयभान हा मोगलांच्या चाकरीतला राजपूत किल्लेदार होता. पडद्यावर मात्र तो काळ्या कपड्यांतला, भाजलेली मगर फाडून खाणारा, माणसं मारताना सुखावणारा राक्षस होतो. आणि बखरीतले ते दोन मावळे, जे आधी एकटे काळोखात कडा चढले, ज्यांच्या बोटांवर त्या रात्रीचं सगळं अवलंबून होतं, ते पडद्यावरून नाहीसे होतात. 'तान्हाजी' आला त्या वर्षीच्या दिवाळीत आमच्या वाडीतल्या पोरांनी अंगणात किल्ला केला. दगड रचले, गोणपाट चिखलात भिजवून अंथरलं, वर अळीव पेरला, आणि बालेकिल्ल्यावर प्लंबरच्या पाइपाचा हातभर तुकडा तोफ म्हणून बसवला. मातीचे मावळे त्या पाइपापुढं बोटाएवढे दिसत होते. मी पोरांना विचारलं, कडा चढणारे दोघं कुठं आहेत? त्यांनी दोन मावळे उचलून मागच्या उतारावर चिकटवले आणि त्यानंतर सगळा खेळ त्या दोघांचाच झाला. कोण आधी चढणार, दोर कुणी धरायचा, खालच्यांना खूण काय करायची, यावर संध्याकाळभर वाद चालला. म्हणजे खरी गोष्टही तेवढीच रंगते. ती कुणीतरी सांगावी लागते.

सिनेमाची यंत्रणा ठरलेली असते. मूठभर विरुद्ध हजारो. एक आई, एक शपथ, एक फितूर. शत्रूच्या छावणीत काळोख आणि मांस, आपल्या घरी समई आणि तुळस. मग संथ गतीत उसळणारं रक्त, आणि शेवटी नायकाचा देह. यात धर्माचं काम असतं रंग भरण्याचं. प्रेक्षकाला एका नजरेत बाजू कळाव्यात म्हणून एका बाजूला एक धर्म आणि दुसऱ्या बाजूला दुसरा धर्म उभा केला जातो. त्या काळच्या माणसांना धर्माची जाणीव नव्हती असं मी अजिबात म्हणत नाही. औरंगजेबानं १६७९ मध्ये जिझिया पुन्हा बसवला. कवींद्र परमानंदानं महाराजांच्या हयातीत संस्कृतात 'शिवभारत' लिहिलं, तेही देवाधर्माच्या भाषेतच. पण त्याच परमानंदानं दोन्ही फौजांतल्या माणसांची नावंही लिहून ठेवली आहेत, आणि ती नावं वाचली की पडद्यावरची सरळ रेघ पुसली जाते.

संभाजी महाराजांच्या बाबतीत तर पडद्यानं दोनदा टोक गाठलं. चिटणिसांच्या बखरीनं आणि तिच्यामागून आलेल्या नाटककारांनी त्यांना व्यसनी, उतावळे राजपुत्र म्हणून रंगवलं. १९४१ च्या भालजींच्या 'थोरातांची कमळा'त ते एका दंतकथेतले प्रेमवीर झाले. १९६० मध्ये वा. सी. बेंद्र्यांनी अस्सल कागदांच्या आधारानं त्यांचं चरित्र लिहिलं आणि तो कलंक धुऊन काढला. पुढं डॉ. कमल गोखल्यांनी त्या कामात मोलाची भर घातली. या संशोधनातून जो राजा समोर आला तो संस्कृतात ग्रंथ लिहिणारा होता आणि नऊ वर्षं एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा तीन-तीन आघाड्या सांभाळणारा होता. १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी आली आणि ती घराघरांत पोचली. तिच्यावरून २०२५ चा चित्रपट निघाला. त्यातल्या लेझीमच्या दृश्याला लोकांनी हरकत घेतली म्हणून ते दृश्य काढून टाकलं गेलं. शिर्के घराण्याच्या वंशजांनी, आमच्या पूर्वजांना फितूर दाखवलं म्हणून आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकानं त्यांची माफी मागितली. या साऱ्या वादात बेंद्र्यांनी आयुष्य घालून शोधलेली ती नऊ वर्षांची राज्यकारभाराची धडपड कुणाच्या चर्चेत आली नाही. लोकांच्या मनात राहिला तो शेवटचा अर्धा तास.

त्या अर्ध्या तासाचं काय होतं, ते मी वर्गात पाहिलं. आईबापांबरोबर चित्रपट पाहून आलेला एक मुलगा दोन दिवस गप्प होता, डबा उघडत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यानं हात वर केला आणि विचारलं, "बाई, त्यांना मारणारे आता कुठं राहतात?" वर्ग शांत झाला. पलीकडच्या बाकावर आमच्याच गावचा मुलाणी आडनावाचा मुलगा बसला होता. त्यानं मान खाली घातली. त्याच्या आजोबांनी गावच्या जत्रेत पालखीपुढं दिवटी धरलेली मी पाहिली आहे. त्याच वर्षी मार्च महिन्यात नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल पेटली. खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की या चित्रपटानं लोकांच्या मनातला औरंगजेबाविरुद्धचा राग जागा झाला आहे. नऊ वर्षांच्या पोराचा प्रश्न आणि शहरातला जाळ या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तीनशे वर्षांपूर्वीचं दुःख आज घडल्यासारखं अंगावर येतं आणि ते ठेवायला जागा मिळत नाही.

मी त्या पोराला जवळ घेऊन सांगितलं, "बाळा, ते सगळे कधीच मेले. त्यांच्यातलं कुणी आता कुठंच राहत नाही." पण एवढ्यानं भागणार नव्हतं. पालकांशी बोलले, मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि उन्हाचा कडाका वाढायच्या आत वर्गाला घेऊन कुरवंड्याला गेले.

लोणावळ्याहून कुरवंड्याला जाताना नौदलाचं 'आयएनएस शिवाजी' लागतं. १९४५ मध्ये, इंग्रजांच्याच राज्यात, त्यांच्याच नौदलानं या संस्थेला महाराजांचं नाव दिलं. पुढं गाव, गावापुढं नागफणीचा सुळका, आणि त्याच्या बाजूनं कोकणात उतरणारी जुनी वाट. इथं पावसाचं पाणी दोन दिशांना वाटलं जातं. पूर्वेला पडलेलं इंद्रायणीतून भीमेला जातं, पश्चिमेचं कोकणात उतरून समुद्राला मिळतं. खाली चावणी गावाजवळ उंबरखिंडीचं स्मारक आहे. तिथं फेब्रुवारीच्या सुरुवातीला लोक जमून त्या विजयाची आठवण करतात.

१६६० च्या उन्हाळ्यात मोगल सरदार शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला होता. फिरंगोजी नरसाळ्यानं दीड महिन्याहून जास्त झुंजवलेलं चाकण ऑगस्टमध्ये त्याच्या हाती आलं. मग त्यानं कोकणातला महाराजांचा मुलूख जिंकायला कारतलबखानाला पाठवलं. ही फौज चिंचवड, तळेगाव, मळवली अशी मावळातून आली आणि कुरवंड्याच्या घाटानं उतरू लागली. महाराज कोकणच्या बाजूला आधीच येऊन थांबले होते. आपले लोक त्यांनी रानात दोन्ही अंगांना दडवले होते.

पुस्तकातून हे कितीही वाचून दाखवलं तरी पोरांना कळत नाही. वाटेवर उतरताना आपोआप कळलं. वाट एका माणसापुरती. दोन्हीकडं कारवी, दहा पावलांपुढचं दिसत नाही. चाळीस पोरांची ओळ लावली. पुढची पोरं खालच्या ओढ्याच्या वळणाला पोचली तेव्हा मागची अजून वरच्या खडकावर होती. मी मागून हाक मारली, पुढच्यांना ती ऐकू गेली नाही. मधल्या एका पोरीच्या चपलेचा बंद तुटला आणि ती खाली बसली, तर तिच्या मागची सगळी ओळ खोळंबली. कुणालाच बाजूनं पुढं जाता येईना. वारा बंद, घामाच्या धारा, पाणी पुढच्यांच्या पिशव्यांत. तेव्हा त्याच मुलानं, ज्यानं वर्गात प्रश्न विचारला होता, मागं वळून म्हटलं, "बाई, इथं तलवार उपसायलाच जागा नाही." मी म्हटलं, आता याच वाटेवर हजारो माणसं, घोडे, लादलेले बैल आणि तंबूंचं ओझं आणून बघ. सगळ्यांना एकदम लढाई उमगली. उंबरखिंड जिंकली ती वाटेनं, रानानं आणि ज्याला ही वाट पाठ होती त्या मावळ्यानं.

परमानंदानंही तेच लिहिलं आहे. निर्वात रान, तहानेनं व्याकूळ झालेली फौज, पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. फौजेत रायबागन होती. वऱ्हाडातल्या माहूरच्या देशमुख घराण्यातली ही बाई मोगलांची सरदार होती, स्वतः लढाईत उतरणारी. तिनं खानाला स्पष्ट सांगितलं की सिंहाच्या जबड्यात तू फौज घातलीस, आता शरण जाण्यातच शहाणपण आहे. खानानं ऐकलं. जवळचं होतं नव्हतं ते महाराजांच्या पायाशी ठेवलं आणि महाराजांनी फौजेला अभय देऊन परत जाऊ दिलं. 'फत्तेशिकस्त'मध्ये रायबागन आहे, याचं श्रेय त्या चित्रपटाला दिलं पाहिजे. पण त्याचा कळस लाल महालावरचा, एप्रिल १६६३ चा छापा हाच आहे. आणि ते साहजिकच आहे, कारण तिथं शाहिस्तेखानाची बोटं तुटतात. उंबरखिंडीच्या शेवटी हात जोडून परत निघालेली निःशस्त्र माणसं आहेत. कॅमेऱ्याला त्यांचं काय करायचं ते सुचत नाही.

खाली उतरल्यावर सावलीत बसून मी पोरांना खानाच्या फौजेतली नावं वाचून दाखवली. कारतलबखान, अमरसिंह, मित्रसेन, सर्जेराव गाढे, जसवंतराव कोकाटे, जाधवराव, रायबागन. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. कोकाटे आणि जाधव आमच्या हजेरीपटावर आहेत. मग महाराजांच्या बाजूची काही नावं सांगितली. पायदळातला नूरबेग, पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांसाठी लढलेला सिद्दी हिलाल, अफझलखानाच्या भेटीच्या वेळी सोबत असलेला सिद्दी इब्राहिम, आरमारातला दौलतखान. आमचा मुलाणी मुलगा ताठ बसला. त्याला कुणी काही समजावलं नव्हतं. नावंच पुरेशी होती. चाकरी, वतन, भाऊबंदकी, भीती, निष्ठा, धर्म, या सगळ्यांतून तेव्हाचा माणूस आपली बाजू ठरवत होता. सिनेमानं त्यातला फक्त धर्म ठेवला.

आणि धर्म हीच गोष्ट दाखवायची असेल, तर मावळानं सिनेमाला त्याहूनही मोठी गोष्ट देऊ केलेली आहे. ती नेताजी पालकरांची. सुरतेहून आणलेली दौलत सरनोबत नेताजींनी लोहगडावर ठेवली, असं आमच्याकडं सांगतात. १६६६ च्या सुरुवातीला पन्हाळ्याच्या मोहिमेत ते वेळेवर पोचले नाहीत. महाराजांशी बिनसलं, ते विजापूरकडं गेले, तिथून मोगलांच्या मिर्झाराजा जयसिंहांकडं. त्याच वर्षी महाराज आग्र्याहून निसटले, आणि औरंगजेबानं नेताजींना पकडून दिल्लीला नेलं, मुसलमान केलं, महंमद कुलीखान नाव दिलं आणि अफगाणिस्तानाकडं धाडलं. नऊ-दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, ते परत आले आणि महाराजांनी त्यांना शुद्ध करून घरात घेतलं. ज्या समाजात एकदा बाटलेल्याला परतीची वाट नव्हती, तिथं राजानं ती वाट उघडली. आणि ज्याच्यासाठी उघडली तो माणूस राजाला सोडून गेलेला होता! राग गिळणं, माणूस परत घेणं, समाजाला ते पटवणं, याहून मोठं नाट्य कोणतं? नेताजींवर जुन्या काळात दोन-दोन चित्रपट निघाले. आजच्या तंत्रानं, आजच्या प्रेक्षकासाठी, या परतीच्या प्रवासावर एक समर्थ चित्रपट निघायला हवा, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

आणखी एक गोष्ट पडद्यावर कधीच येत नाही, ती म्हणजे मावळातली घरं. १६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंहानं पुरंदराला वेढा घातला तेव्हा दाऊदखान आणि कुतुबुद्दीनखान यांना आसपासच्या मुलखात सोडलं. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना या गडांच्या पायथ्याची गावं त्यांनी जाळली, गुरं ओढून नेली, माणसं बांधून नेली. हेतू उघड होता. गड पडत नसेल तर गडाला भाकरी देणारं गाव मारा. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला आणि तेवीस किल्ले मोगलांना गेले. त्यांत हे चारही होते. १६७० मध्ये ते परत घेतले गेले. या पाच वर्षांत ज्यांनी जळालेल्या घरांवर पुन्हा गवत शाकारलं, करपलेल्या खाचरांत पुन्हा आवणी केली, गडाच्या मेटांवर रात्री जागून काढल्या, त्या कुणब्यांची, कोळ्यांची, महारांची, रामोशांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत. तरीही त्यांच्याशिवाय एकही गड दोन दिवस टिकला नसता. ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यांत आमचा लोहगड आहे. तेव्हा लोहगडवाडीच्या लोकांचा आनंद मी डोळ्यांनी पाहिला. तटाला मान मिळाला. तट राखणाऱ्यांना तो मिळायचा बाकी आहे.

चित्रपट काढूच नयेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझ्या सासऱ्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. महाराज त्यांना तंबूतल्या पडद्यानंच दाखवले. शहरात वाढलेल्या, मराठी पुस्तक हाती न धरणाऱ्या मुलालाही 'छावा'नं संभाजी महाराजांचं नाव दिलं आणि रडवलं. तुळापूरला माथा टेकायला आता पूर्वीपेक्षा जास्त माणसं जातात. हे ऋण मी मानते. ज्या राजानं इतके हाल सोसले त्याच्यासाठी डोळे भरून येणार नाहीत असं मराठी मन नाही. पण राजाच्या मरणावर रडणं आणि राजा कशासाठी जगला ते समजून घेणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम पडदा करतो. दुसरं आपल्याला करायचं आहे, घरात आणि शाळेत.

म्हणून मी माझ्या वर्गाला एक सवय लावली आहे. ऐतिहासिक चित्रपट पाहून आलं की तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून आणायची. दोन्ही फौजांत कोण कोण होतं? या लढाईत घर कुणाचं जळलं आणि भाकरी कुणी पुरवली? आणि लढाई संपल्यावर हरलेल्यांचं काय केलं? पहिल्या दोन प्रश्नांना पोरं आईबापांना विचारून, पुस्तकं शोधून काहीबाही लिहून आणतात. तिसऱ्याला बहुतेक वह्यांत जागा कोरी राहते, कारण तोपर्यंत पडद्यावर नावं वर सरकायला लागलेली असतात. ती कोरी जागा भरायला उंबरखिंड आहे, नेताजींची परत-भेट आहे.

उंबरखिंडीवर पूर्ण लांबीचा चित्रपट काढायचं ज्याच्या मनात असेल, त्यानं फक्त एक करावं. शेवटी एखादा मोठा खलनायक मारून घेण्यासाठी इतिहास वाकवू नये. शरण आलेली फौज घाटाखाली उभी आहे, तिच्यात परमुलखातले सरदार आहेत, मराठी देशमुख आहेत, तलवार ठेवलेली एक बाई आहे, आणि तिशीतला एक राजा त्यांना म्हणतो आहे की जा. हा क्षण चित्रपटगृहात शिट्ट्या न मिळवताही छाती भरून आणू शकतो. आमच्या मावळातल्या पोरांना मरणाऱ्या वीराइतकाच जिंकून सोडून देणारा राजाही पडद्यावर मोठा दिसला पाहिजे, आणि तो तसा दिसावा ही जबाबदारी चित्रपट काढणाऱ्यांइतकीच तिकीट काढणाऱ्या आपल्यावर आहे.